सातांपैकी दोन

वाळूचे एका मिनिटाचे घड्याळ, शेजारी तारेत ओवलेले मणी आणि समोर आईच्या मांडीवर धापा टाकणारे लेकरू. १९८० च्या दशकाच्या अखेरीस गडचिरोली जिल्ह्यातल्या खेड्यांत दायांच्या हाती हे साधन आले. घड्याळ उलटे करायचे, लेकराच्या पोटाकडे बघत श्वास मोजायचे, दहा झाले की एक मणी सरकवायचा आणि पुन्हा एकपासून सुरुवात करायची. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत हात पोचला, तर लेकराला न्यूमोनिया झाला असे धरायचे आणि औषध सुरू करायचे. मण्यांच्या ओळी दोन होत्या. एक दोन महिन्यांच्या आतल्या बाळांसाठी, दुसरी त्याहून मोठ्या मुलांसाठी. कारण तान्ह्या बाळाचा श्वास मुळातच जलद चालतो. दाई शाळेत गेलेली नव्हती. पन्नास-साठपर्यंत आकडे मोजणे तिला जमत नव्हते, दहापर्यंत जमत होते. त्या साधनाची सगळी घडण या एका गोष्टीवर उभी होती.

मोठ्या शहरातल्या इस्पितळाच्या अपघात विभागात दाराशीच एक नर्स उभी असते. येणाऱ्या प्रत्येकाकडे ती काही क्षण बघते, नाडी पाहते, श्वास पाहते, दोन प्रश्न विचारते आणि ठरवते की याला आत्ता आत घ्यायचे, याला अर्धा तास बसवले तरी चालेल, याचे काम बाह्यरुग्ण विभागात होईल. कुठे लाल, पिवळा, हिरवा असे रंग असतात, कुठे आकडे. या कामाला ट्रायाज म्हणतात. शब्द फ्रेंच आहे. त्यामागचे क्रियापद निवडण्याचे, वेगळे काढण्याचे; युद्धाशी संबंध येण्याआधी ते लोकर आणि इतर माल प्रतवारीने लावण्यासाठी वापरले जाई. नेपोलियनच्या सैन्यातला शल्यवैद्य दोमिनिक लारे याने रणभूमीवर नियम घातला की जखम ज्याची जास्त गंभीर त्याला आधी हात लावायचा, हुद्दा कोणाचा काय ते बघायचे नाही. तेव्हापासून ही निवड वैद्यकात रुजली.

मराठीत या कामाला वैद्यकाच्या पुस्तकात अजून धड शब्द नाही, पण निवडणे ही क्रिया धानाच्या मुलखातल्या कोणत्याही बाईला समजावून सांगावी लागत नाही. सूप मांडीवर घेतले की खडा कुठला आणि दाणा कुठला हे तिचे बोट डोळ्याच्या आधी ओळखते. गडचिरोली हा धानाचाच जिल्हा. तिथे जे घडले त्याची गोष्ट सांगताना मला म्हणून हा शब्द जवळचा वाटतो. अडचण इतकीच होती की इस्पितळातला ट्रायाज एक गोष्ट गृहीत धरतो: रोगी दारापर्यंत आलेला आहे. गडचिरोलीत तो आलेलाच नसे.

हा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चांद्यातून, म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातून, वेगळा काढण्यात आला. पश्चिमेला वैनगंगा, पूर्वेला आजचे छत्तीसगड आणि मधे जंगल. धानोरा तालुका जिल्ह्याच्या पूर्व अंगाला. त्याच्या पलीकडचा राजनांदगावचा मुलूख तेव्हा मध्य प्रदेशात होता. वस्ती मुख्यतः गोंडांची, गावे लहान आणि दूर दूर, पावसाळ्यात नाले भरले की वाट बंद. ज्या मेंढा-लेखा गावाने पुढे सामूहिक वनहक्क मिळवून देशभर नाव केले, ते याच तालुक्यातले, धानोऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. गावाने आपला कारभार आपण चालवायचा ही भाषा या भागात कुठल्या शिबिरातून आलेली नाही. आरोग्याच्या बाबतीत तीच गोष्ट पुढे कशी झाली हे पाहताना ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवलेली बरी.

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग हे दांपत्य अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन परतले आणि १९८६ मध्ये गडचिरोलीत आले. अभय बंग वर्ध्याकडचे, सेवाग्रामच्या वातावरणात वाढलेले. राणीताई मूळच्या चंद्रपूरच्या, त्यामुळे हा मुलूख त्यांना परका नव्हता. ‘सर्च’ या संस्थेची सुरुवात गडचिरोली गावातल्या एका जुन्या गोदामात झाली. पहिले मोठे काम राणीताईंच्या विषयातले होते. दोन गावांतल्या बायकांची तपासणी करून त्यांनी दाखवले की शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास आहे. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने ते छापले आणि जगभर खळबळ झाली. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे. पण त्या कामातून एक गोष्ट संस्थेच्या हाती लागली: गावातल्या दाया आणि बायका यांच्याशी बोलण्याची सवय, आणि त्यांचे शब्द लिहून ठेवण्याची सवय.

मुलांकडे लक्ष वळले त्यामागे एक रात्र आहे. अभय बंग यांनी ती अनेक व्याख्यानांत सांगितली आहे. दिवस पावसाचे होते. दोन बायका त्यांच्या घरी एक लेकरू घेऊन आल्या. ते वाळून काडी झालेले होते आणि त्याला धाप लागली होती. तपासायला खाटेवर ठेवले आणि काही करायच्या आत ते गेले. नंतर त्यांनी कागद घेऊन हे मूल का गेले याची कारणे लिहायला सुरुवात केली. आईचे कुपोषण, अशक्त जन्मलेले बाळ, गरिबी, दारू, अंधश्रद्धा, उपचाराला झालेला उशीर, भरलेला नाला, नसलेला पूल. यादी अठरा कारणांपर्यंत गेली. एवढी कारणे दूर करायला किती पिढ्या लागतील, हा प्रश्न कोणालाही हताश करील असा. त्यांनी तो उलटा धरला: अठरा कड्यांची साखळी असेल तर एक कडी तुटली तरी साखळी तुटते. मग जी आपल्या हाताने तुटेल अशी कडी कोणती?

ती कडी न्यूमोनियाची होती, आणि ती तुटण्याजोगी आहे याचा पुरावा दूर पापुआ न्यू गिनीमधून आलेला होता. तिथल्या डोंगराळ भागात काम करणाऱ्या फ्रँक शॅन या बालरोगतज्ज्ञाने १९८४ मध्ये दाखवून दिले होते की खोकला असलेल्या मुलांपैकी अँटिबायोटिक कोणाला द्यायचे आणि इस्पितळात कोणाला पाठवायचे हे ठरवायला एक्स-रे लागत नाही, स्टेथोस्कोपही लागत नाही. श्वासाचा वेग आणि छाती आत ओढली जाते का एवढे पाहिले तरी पुरते. म्हणजे निवडीचे सूत्र तयार होते. ते कोणी वापरायचे हा प्रश्न बाकी होता. जिथे डॉक्टर नाही आणि नर्स महिन्यातून एखाद्या वेळी येते, तिथे उत्तर एकच उरते. गावातली शिकलेली मुले, आरोग्य कर्मचारी आणि दाया यांना हे सूत्र शिकवायचे.

गावाला हा आजार नवा नव्हता. विदर्भातल्या आया लहान मुलाच्या छातीच्या दुखण्याला ‘डब्बा’ म्हणतात. पोट फुगते, फासळ्या आत जातात, श्वास लागतो हे त्यांनी कित्येकदा पाहिलेले असते. नसलेली गोष्ट एकच होती: साधा खोकला कुठे संपतो आणि जिवावरचा डब्बा कुठे सुरू होतो, ती रेघ. वाळूचे घड्याळ आणि मणी यांनी ती रेघ आखून दिली.

प्रयोगासाठी ५८ गावांत हे काम सुरू झाले आणि तुलनेसाठी ४४ गावे घेतली गेली. औषध होते कोट्रायमॉक्साझोल, त्या काळातले अगदी स्वस्त. प्रयोगाच्या गावांत न्यूमोनिया झालेल्या आणि उपचार मिळालेल्या मुलांमध्ये मृत्यूचे प्रमाण शेकडा ०.८ होते. तुलनेच्या गावांत ते शेकडा १३.५ होते. निष्कर्ष १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ने छापले. डॉक्टरांच्या जगात खरा धक्का बसला तो दाईच्या नावाने. आजार ओळखणे हे आपले राखीव क्षेत्र आहे असे मानणाऱ्या व्यवसायाला निरक्षर बाई तेच काम करते आणि मूल वाचते हे पचायला जड गेले. अजूनही अनेकांना ते पचलेले नाही, असे माझे निरीक्षण आहे.

मात्र न्यूमोनियाचे यश मोजता मोजता एक जुनी गोष्ट उघडी पडली. वर्षाच्या आत जाणाऱ्या बाळांपैकी बहुतेक पहिल्या महिन्यातच जात होती, आणि त्यांना मण्यांच्या ओळीने वाचवता येत नव्हते. नवजात बाळ आजारी पडते ते वेगळ्या रीतीने. त्याला ताप येईलच असे नाही, उलट ते गार पडते. ते खोकत नाही. ते नुसते मंद होते. सकाळी दूध ओढत होते ते दुपारी ओढत नाही, रडणे बारीक होते, हातपाय सैल पडतात, आणि रात्री गेलेले असते. इस्पितळातला बालरोगतज्ज्ञ याला सेप्सिस म्हणतो, म्हणजे रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग. त्या काळच्या पुस्तकांत त्यावर उपाय एकच: भरती, रक्ताच्या तपासण्या, शिरेतून औषध.

१९९३ मध्ये संस्थेने गडचिरोली-धानोरा रस्त्यावर, धानोरा तालुक्यातल्या चातगावजवळ ‘शोधग्राम’ वसवले. दवाखाना कसा हवा हे आदिवासींनाच विचारले गेले. मोठ्या इमारती, पांढऱ्या कपड्यातली माणसे आणि नातेवाइकांना बाहेर काढणारे नियम यांची त्यांना भीती वाटत होती. म्हणून दवाखाना झोपड्यांच्या वाडीसारखा बांधला, सोबतच्या माणसांना राहायला जागा ठेवली आणि त्याला नाव देवीचे मिळाले: माँ दंतेश्वरी दवाखाना. लोक येऊ लागले. पण नवजात बाळ आले नाही. बाळंतीण आणि बाळ घराच्या एका कोपऱ्यात, अंधारात, शेगडीच्या धुरात दिवस काढत. त्या दिवसांत बाळाला बाहेर काढणे म्हणजे वारा, दृष्ट आणि भूतबाधा यांच्या हवाली करणे. त्यात पैसे, बैलगाडी आणि घरातल्या कर्त्या पुरुषाचा होकार या तिन्ही गोष्टी एकाच रात्री जुळून यायला हव्यात. गोंड देवीच्या नावाचा दवाखाना १० किलोमीटरवर असला काय आणि नागपूरचे मेडिकल कॉलेज असले काय, दोन दिवसांच्या बाळाला दोन्ही सारखीच दूर.

तेव्हा आधी नुसते बघायचे ठरले. ३९ गावांत प्रत्येकी एक बाई निवडली, पाचवी ते दहावीच्या दरम्यान शिकलेली, त्याच गावची. नाव आरोग्यदूत. बाळंतपणाच्या वेळी दाईसोबत हजर राहायचे, आणि पुढच्या २८ दिवसांत ठरलेल्या दिवशी आठ वेळा घरी जायचे. वजन, तापमान, श्वास, नाळ, त्वचा, दूध ओढणे, रडणे, सगळे छापील कागदावर उतरवायचे. पर्यवेक्षक येऊन नोंदी तपासत. १९९५-९६ या वर्षात ७६३ बाळांची अशी नोंद झाली. माझ्या माहितीत भारतातल्या खेड्यात जन्मलेल्या बाळाचा पहिला महिना इतक्या बारकाईने त्याआधी कोणी लिहून ठेवलेला नव्हता. सरकारच्या दप्तरात तर ही बाळे जन्मतही नव्हती आणि मरतही नव्हती.

त्या कागदांतून जे निघाले ते असे. ७६३ पैकी शेकडा ५४ बाळांना पहिल्या महिन्यात कधी ना कधी वैद्यकीय मदतीची गरज पडली. डॉक्टरने पाहिली शेकडा २.६. इस्पितळात भरती झाली शेकडा ०.४, म्हणजे तिघे. वर्षभरात ४० बाळे गेली, त्यांतली ३८ या गरजू गटातलीच होती.

इथे वाचकाच्या मनात येणारा प्रश्न माझ्याही मनात येतो: वर्षभर बघत बसले आणि बाळे जाऊ दिली का? उत्तर सुखाचे नाही. आजारी बाळाला दवाखान्यात न्या असे आई-बापांना सांगितले जात होते, आणि कोणी नेत नव्हते हे वरच्या आकड्यातच आहे. इंजेक्शन देण्याचा अधिकार आणि कसब आरोग्यदूताकडे तोवर नव्हते. काय शिकवायचे हे ठरवायलाही आधी आजार कसा दिसतो हे माहीत हवे होते. तरी त्या चाळीस नोंदी भरणाऱ्या बायका त्याच गावच्या होत्या आणि त्यातल्या आया त्यांच्या मैत्रिणी, जावा, भाच्या होत्या, हे विसरून त्या वर्षाची गोष्ट सांगता येत नाही.

या नोंदींमधून पुढे संशोधकांनी निवडीचा नियम काढला. सेप्सिसने गेलेल्या बाळांमध्ये आधी काय काय दिसले होते ते पडताळले आणि सात खुणा पक्क्या केल्या. दूध ओढणे कमी झाले किंवा थांबले. रडणे क्षीण झाले किंवा बंद झाले. हातपाय सैल पडले. उलट्या होतात किंवा पोट फुगले. बाळ हाताला गार लागते. छाती खोलवर आत ओढली जाते. नाळेत पू आहे. यांतल्या कोणत्याही दोन खुणा एकाच वेळी दिसल्या तर बाळ सेप्सिसचे धरायचे. एक दिसली तर लक्ष ठेवायचे, उद्या पुन्हा यायचे.

मला हा नियम त्याच्या साधेपणासाठी आवडत नाही. साध्या वाटणाऱ्या पुष्कळ गोष्टी चुकीच्या असतात. तो आवडतो तो त्यातल्या हिशेबासाठी. निवडणाऱ्याच्या चुका दोन तऱ्हेच्या असतात. खडा दाण्यात राहतो, नाहीतर दाणा खड्याबरोबर फेकला जातो. ट्रायाजच्या टेबलावरच्या नर्सला हेच शिकवतात: बऱ्या माणसाला आत घेतलेस तर खाट अडेल, मरणाऱ्याला बाकावर बसवलेस तर तो जाईल, दोन्ही चुका टाळता येत नसतील तर पहिली पत्कर. एकाच खुणेवर औषध सुरू केले असते तर गावातल्या कितीतरी जास्त बाळांना सुई टोचावी लागली असती. तीन खुणांची वाट पाहिली असती तर काहींना उशीर झाला असता. दोनवर थांबल्यावर हाती असे लागले की सेप्सिसने जाणारे एकही बाळ चाळणीतून सुटत नव्हते, आणि बऱ्या बाळांपैकी शंभरातली ९२ बाजूला राहत होती. उरलेल्या आठांना गरज नसताना औषध मिळाले असते. ती किंमत जाणूनबुजून मोजलेली आहे.

आणखी एक गोष्ट त्या यादीत आहे. सातांपैकी दोन-तीन खुणा आरोग्यदूताला दिसण्याआधी आईला कळतात. दूध ओढणे कमी झाले हे आईशिवाय कोण सांगणार? म्हणून शिकवणीचा एक भाग आईसाठी होता. बाळ आधी नीट ओढत होते आणि आता ओढत नाही, आधी जोरात रडत होते आणि आता रडणे बारीक झाले, हा फरक दिसताच आरोग्यदूताला बोलवा, ठरलेला दिवस नसला तरी, रात्र असली तरी. इस्पितळात नर्स रोग्याला पहिल्यांदाच बघत असते. त्याची कालची अवस्था तिला माहीत नसते. इथे निवडणाऱ्या बाईला बाळाचे जन्मवजन माहीत होते, आदल्या भेटीतला श्वासांचा आकडा कागदावर होता आणि आजीने नाळेला काय लावले तेही ती बघून आली होती.

शिकवण एका दमात झाली नाही. आरोग्यदूत आधी निरीक्षण शिकल्या, मग वर्षभर ते करत राहिल्या आणि हात बसल्यावर उपचार शिकल्या. पिशवीत झोळीचा वजनकाटा, थर्मामीटर, घड्याळ, बाळाला ऊब देणारी पिशवी, जन्मतः श्वास न घेणाऱ्या बाळासाठी तोंडावर धरून दाबायची फुग्याची पिशवी, सुया आणि औषधे. काम कागदावर उतरल्याशिवाय पूर्ण मानले जात नव्हते, आणि कागद तपासणारा माणूस नेमाने येत होता. आपल्याकडे प्रशिक्षण म्हटले की सभागृह, प्रोजेक्टर, चहा-बिस्कीट आणि शेवटी प्रमाणपत्र असे चित्र डोळ्यांसमोर येते. मोठ्या इस्पितळांतल्या नर्सनाही ट्रायाज अनेकदा असाच एका दुपारी शिकवला जातो. गडचिरोलीतली शिकवण महिनोन्‌महिने घरोघर चालली, आणि चुकले तर कोणत्या घरी चुकले हे दुसऱ्या दिवशी त्या बाईला दिसत होते.

१९९६ मध्ये सुई हातात आली. नियम असा: दोन खुणा दिसल्या की आधी आई-बापाला स्पष्ट सांगायचे की बाळाला इस्पितळात न्या. नाही म्हणाले तर त्यांची संमती घेऊन घरीच जेंटामायसीनचे इंजेक्शन आणि तोंडाने कोट्रायमॉक्साझोल. बहुतेक घरे नाही म्हणत. मग आरोग्यदूत रोज त्याच घरी जाऊन, त्याच अंधाऱ्या कोपऱ्यात बसून, मनगटाएवढ्या मांडीत सुई देई.

यावर वाद होणारच होता आणि झाला. दहावीही न झालेली बाई नवजात बाळाला इंजेक्शन देते ही कल्पना शहरी बालरोगतज्ज्ञांना घाबरवणारी होती. त्यांच्या भीतीत तथ्य होते. जेंटामायसीन हे जपून द्यायचे औषध आहे, मात्रा चुकली तर मूत्रपिंड आणि कान यांना धोका. सुईतून गळू होऊ शकते. आणि गावोगावचे बोगस डॉक्टर इंजेक्शनच्या जोरावरच धंदा करतात, त्यांना हे निमित्त मिळेल ही शंकाही खरी. ती शंका माझी अजूनही पूर्ण फिटलेली नाही. पण आरोग्यदूत आणि बोगस डॉक्टर यांच्यातला फरक त्या कागदात होता. तिने कोणाला सुई दिली, का दिली, कोणत्या दोन खुणा होत्या आणि पुढे काय झाले हे सगळे नोंदलेले होते. शहरातल्या किती दवाखान्यांना असे सांगता येईल?

आकडे आले ते असे. उपचार सुरू होण्याआधी सेप्सिस झालेल्या १६३ बाळांपैकी २७ गेली होती. उपचार मिळालेल्या ७१ पैकी दोन गेली. तिसऱ्या वर्षी या ३९ गावांत हजारी नवजात मृत्यू ६२ वरून २५ वर आले होते. तुलनेच्या ४७ गावांत ते ५८ वरून ५९ च्या पुढेच गेले. नवजात मृत्यूतली निव्वळ घट शेकडा ६२. खर्च एका बाळामागे सुमारे पाच डॉलर. डिसेंबर १९९९ च्या ‘लॅन्सेट’मध्ये हा लेख आला, आणि घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेणे हा जगातल्या आरोग्य संघटनांच्या चर्चेचा विषय बनला. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी मिळून नवजात बाळांसाठी गृहभेटींची शिफारस केली.

महाराष्ट्रात या कामाचे पडसाद वेगळ्या रीतीने उमटले. २००१ मध्ये ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने राज्यातले बालमृत्यू सरकारी आकड्यांपेक्षा कितीतरी जास्त आहेत हे दाखवले. विधिमंडळात गदारोळ झाला आणि सरकारला समिती नेमावी लागली. गडचिरोलीतली पद्धत इतर संस्थांनी आपापल्या भागात करून पाहिली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने पाच राज्यांत तिची चाचणी घेतली. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले आणि त्याबरोबर ‘आशा’ ही आरोग्य कार्यकर्ती आली, त्याच गावची, आठवीपर्यंत शिकलेली. आरोग्यदूत आणि आशा यांचे नाते कोणालाही दिसेल. २०११ मध्ये केंद्र सरकारने घरोघरच्या नवजात काळजीचा कार्यक्रम देशभर लागू केला. बाळंतपण इस्पितळात झाले असेल तर आशाने सहा वेळा घरी जायचे, घरी झाले असेल तर सात वेळा, आणि ४२ दिवस पूर्ण झाल्यावर तिला २५० रुपये. आशांच्या प्रशिक्षकांना तयार करण्याच्या कामात शोधग्रामचा वाटा होता. म्हणजे चातगावच्या झोपड्यांत घडलेला धडा बिहार-ओडिशाच्या गावांत पोचला.

पोचताना एक गोष्ट गळून पडली. आशाच्या पिशवीत वजनकाटा, थर्मामीटर, घड्याळ आले. धोक्याच्या खुणा तिला शिकवल्या गेल्या. जेंटामायसीनची सुई आली नाही. खूण दिसली की तिने रेफर करायचे, १०८ची रुग्णवाहिका बोलवायची, प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यायचे. रस्ते सुधारलेत, रुग्णवाहिका आल्यात, बाळंतपणे बरीचशी इस्पितळात होऊ लागलीत, त्यामुळे हा निर्णय १९९६ मध्ये वाटला असता तितका वेडगळ आज वाटत नाही. पण धानोरा तालुक्याच्या पूर्वेकडच्या गावात ऑगस्टच्या रात्री तो तितकाच कागदी राहतो. निवड करायला शिकवायचे आणि निवडलेल्याचे काय करायचे ते शिकवायचे नाही, याला अर्धे प्रशिक्षण म्हणतात. नर्सला लाल पट्टी लावायला शिकवून आतली खाट काढून घेतल्यासारखे हे आहे.

सरकारने मधली वाट फेब्रुवारी २०१४ मध्ये काढली. दोन महिन्यांच्या आतल्या बाळात सेप्सिसची चिन्हे दिसली आणि त्याला इस्पितळात नेणे शक्य नसेल किंवा घरचे नेत नसतील, तर उपकेंद्रातल्या एएनएमने, म्हणजे नर्सबाईने, जेंटामायसीनचे इंजेक्शन द्यावे, सोबत तोंडाने अमॉक्सिसिलीन, अशी मार्गदर्शिका केंद्राने काढली. गडचिरोलीच्या आरोग्यदूताने पहिली सुई दिली त्याला तोवर अठरा वर्षे होत आली होती.